विजेची गाडी किती पुरते?

वाचकहो, शंकरपट न पाहिलेला माणूस आपल्या भंडारा जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. जोडी सुटते, धूळ उडते, लोक ओरडतात, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोडी पल्याड पोचते. मग त्या बैलांकडे पाहा. तोंडाला फेस आलेला. बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होतात. त्याच घडीला त्यांना धानाची बंडी जुंपून लाखनीच्या बाजाराला न्या म्हटले, तर जातील काय?

आता बंडीचे बैल पाहा. ते पळत नाहीत. मान खाली घालून एका चालीने चालतात. सात-आठ कोस गेले तरी घरी परतायची ताकद त्यांच्यात उरते. चारा दोन्ही जोड्यांनी खाल्लेला असतो. फरक चालीचा.

आज मी तुम्हांला विजेच्या गाडीविषयी सांगणार आहे. पण ही बैलांची गोष्ट मनात असू द्या.

विजेची गाडी आता नवलाची राहिली नाही. २०१७ सालच्या मे महिन्यात नागपुरात विजेवरच्या टॅक्सी सुरू झाल्या, तेव्हा लोक थांबून पाहत. २०२० च्या जानेवारीत बजाजची चेतक स्कूटर विजेवर आली. त्याच महिन्यात टाटांची नेक्सॉन गाडी विजेवर आली. आता गावोगावी विजेच्या स्कूटर दिसतात. अशी गाडी दारात उभी राहिली की लोक दोन प्रश्न विचारतात. केवढ्याला पडली? आणि एकदा चार्ज केली की किती चालते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकच असते. दुसऱ्याचे एक नसते. तीच गाडी, तीच बॅटरी, पण एके दिवशी सव्वाशे किलोमीटर जाते आणि दुसऱ्या दिवशी दोनशेच्या वर. असे का होते, ते आमच्या घरच्या गोष्टीवरून सांगतो. पुस्तकात वाचून नव्हे, भर उन्हाळ्यात रस्त्यावर अडकून आम्ही ते शिकलो.

पहिली खेप

माझी थोरली बहीण साकोलीजवळच्या गावी राहते. तिला आम्ही बाई म्हणतो. तिला कर्करोग निघाला. नागपूरच्या दवाखान्यात दर एकवीस दिवसांनी औषधाची सलाईन लावायची, अशा सहा खेपा डॉक्टरांनी सांगितल्या. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, कर्ज काढून विजेची लहान गाडी घेतली होती. भाड्याने सवाऱ्या न्यायच्या आणि बँकेचा हप्ता फेडायचा, असा त्याचा बेत. आईला नेण्या-आणण्याचे कामही त्याच गाडीने होणार होते.

गावापासून नागपूर जवळजवळ १०५ किलोमीटर. साकोली, लाखनी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून भंडारा, पुढे मौदा आणि नागपूर. रस्ता चौपदरी. पहिली खेप मे महिन्यात पडली. बाई मागे उशी घेऊन बसली. मी पुढे. गाडीला चालीची दोन बटणे होती. एक इको, दुसरे स्पोर्ट. यालाच मोड म्हणतात. भाच्याने स्पोर्ट दाबले.

“मामा, पाहा आता कशी पळते ते,” तो म्हणाला.

गाडी पटाच्या जोडीसारखी सुटली. काटा ९५-१०० वर. समोर ट्रक आला की करकचून ब्रेक, ट्रक मागे पडला की पुन्हा पाय दाबून रेस. एसी पूर्ण जोरात. दीड तासाच्या आत आम्ही नागपूरच्या वेशीत. भाचा खूश. मीही खूश, खोटे कशाला बोलू? घरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाव भाग उरली होती.

बाईला सलाईन लागली. आम्ही चार्जिंगची जागा शोधत फिरलो. एक सापडली, तिथे आधीच दोन गाड्या उभ्या. आमची पाळी आली तेव्हा बाईची सुट्टी व्हायची वेळ झाली होती. बॅटरी शंभरात पासष्ट भरली आणि आम्ही निघालो. मीटर सांगत होता, आणखी १३० किलोमीटर जाता येईल. घर १०५ वर. भाचा म्हणाला, “पुरते मामा, चिंता नाही.” आणि पुन्हा काटा १०० वर नेला.

भंडारा मागे पडले. गाडेगाव आले. मी मीटरकडे पाहिले. घर अजून तीस किलोमीटर, आणि मीटरवर आकडा पंधराचा. भाच्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने एसी बंद केला. मे महिन्याचा दिवस, संध्याकाळ झाली तरी रस्त्यातून वाफा निघत होत्या. बाईला मळमळत होते. ती एकच बोलली, “भाऊ, घरी पोचू ना आपन?”

लाखनीला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या दारात गाडी कशीबशी नेली. त्याच्या पाण्याच्या मोटारीचा मोठा प्लग होता, त्यावर गाडी लावली. लिंबाखाली खाट टाकून बाईला निजवले. दोन तास तसेच बसलो. शेजारीपाजारी जमले. एक म्हातारा म्हणाला, “काय जी गुरुजी, बैल बसला का?” मला हसू आले नाही.

भाचा चिडला होता. म्हणाला, “कंपनीनं फसवलं.” मी म्हटले, “कंपनीचं मागून पाहू. आधी आपला हिशेब मांडू.” त्या खाटेजवळ बसून मांडलेला हिशेब आता तुम्हांला सांगतो.

ढोलीत धान किती?

घरात धानाची ढोली असते. ढोलीत किती पायली धान आहे ते ठरलेले असते. घरची बाई जपून काढते तर वर्ष निघते. हात सैल सोडला तर होळीलाच बुड दिसते. गाडीची बॅटरी ही विजेची ढोली आहे.

वीज युनिटात मोजतात. तुमच्या घरी महावितरणचे बिल येते, त्यात युनिटे लिहिलेली असतात. तेच हे युनिट. हजार वॅटचा हीटर तासभर जळला की एक युनिट वीज खर्च झाली. भाच्याच्या गाडीची ढोली २४ युनिटांची आहे. आपल्या लहानशा घराला ती आठवडाभर पुरेल. आता पाहा. पहिल्या खेपेत १०५ किलोमीटर जायला १८ युनिटे लागली. १०५ ला १८ ने भागा. एका युनिटात सहा किलोमीटरही गाडी गेली नाही.

मग कंपन्या जो मोठा आकडा सांगतात तो खोटा असतो काय? खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचा नसतो. पुण्याला वाहनांची परीक्षा घेणारी एक संस्था आहे. तिला एआरएआय म्हणतात. ती १९६६ साली स्थापन झाली. अशा परीक्षेत गाडी खोलीत उभी करतात. तिची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. वेग किती न्यायचा, केव्हा वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे आधी ठरलेले असते. बराच वेळ शहरातल्यासारखी हळू चाल असते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. २०२० सालच्या नेक्सॉनची बॅटरी सुमारे ३० युनिटांची होती आणि परीक्षेतला पल्ला ३१२ किलोमीटर निघाला. म्हणजे युनिटाला दहा किलोमीटर. सगळ्या गाड्यांची परीक्षा एकाच मापाने होते, म्हणून कोणती गाडी कोणापेक्षा बरी हे कळते. तेवढाच त्या आकड्याचा उपयोग. आपला १०५ किलोमीटरचा रस्ता त्या खोलीत नसतो.

आणि गाडीतला मीटर? तो १३० म्हणत होता, तो का चुकला? तो आपण आत्ता कसे चाललो त्यावरून पुढचा अंदाज बांधतो. नागपूरच्या गर्दीत आम्ही हळूहळू चाललो होतो, म्हणून त्याने मोठा आकडा दाखवला. पुढे मोकळ्या सडकेवर भाचा शंभरच्या वेगाने जाणार आहे, हे त्याला कुठून कळणार?

छत्री आणि वारा

विजेच्या गाडीचा मोठा शत्रू वारा. तुम्ही म्हणाल, वारा तर रोजच असतो. मी वाऱ्या-वादळाचे बोलत नाही. हवा पडलेली असली तरी गाडीला हवा फाडून पुढे जावे लागते.

सायकलवर बसून छत्री उघडून पाहा. हळू चालवली तर काही वाटत नाही. जोराने चालवली की छत्री मागे ओढते, दांडा वाकतो, पाय भरून येतात. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर दुप्पट होत नाही. चौपट होतो. हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून पुन्हा सांगतो. ताशी ५० ने जाताना हवा जेवढी अडवते, ताशी १०० ने जाताना तिच्या चौपट अडवते. अंतर तेवढेच, पण दर किलोमीटरला हवेशी झुंजायला चौपट वीज लागते.

चाके रस्त्यावर घासतात, त्यालाही वीज लागते. पण ती वेगाने फारशी वाढत नाही. म्हणून एकूण खर्च चौपट होत नाही. तरी बराच वाढतो. भाच्याच्या गाडीचा आमच्या वहीतला अनुभव असा आहे. ताशी ६० च्या आसपास एका युनिटात नऊ किलोमीटर. ८० ला साडेसात. १०० च्या आसपास सहासुद्धा नाही. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे निघतील. पण उतरण अशीच दिसेल.

पेट्रोलची गाडी चालवलेल्या माणसाला हे उलटे वाटते. त्याचा अनुभव असा की शहरात गाडी तेल पिते आणि मोठ्या सडकेवर जास्त चालते. विजेच्या गाडीचे बहुधा याच्या उलट असते. कारण पेट्रोलचे इंजिन जागेवर उभे असले तरी तेल जाळते आणि बहुतेक तेलाची नुसती उष्णता होते. विजेची मोटार उभी राहिली की तिचा खर्च जवळजवळ थांबतो. शिवाय शहरात सारखा ब्रेक लागतो, त्यातून तिला थोडी वीज परत मिळते.

वीज परत मिळते? होय. ते कसे, पाहू या.

सायकलचा डायनमो

जुन्या सायकलींना दिव्यासाठी डायनमो असे. तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण सायकल जड व्हायची. का? पायाच्या जोराचा काही भाग वीज करण्यात जात असे. विजेच्या गाडीची मोटार असाच डायनमो बनू शकते. रेसवरचा पाय उचलला की चाके मोटारीला फिरवतात, मोटार वीज तयार करते, आणि ती बॅटरीत जाते. सायकल जड व्हायची तशी गाडीही जड होऊन हळू होते. साध्या ब्रेकमध्ये गाडीचा जोर घासून उष्णता होतो आणि वाया जातो. इथे त्यातला काही भाग ढोलीत परत येतो.

काही भाग, सगळा नाही. शंभर रुपये उधार देऊन साठ-सत्तर परत मिळावेत, तसे हे आहे. म्हणून “ब्रेक मारला की वीज मिळते, मग मारू या वारंवार” असे समजू नका. भाच्याला सुरुवातीला तसेच वाटायचे. पण वेग वाढवायला जी वीज गेली, तिच्यापेक्षा परत येणारी नेहमी कमीच. पुढे गतिरोधक आहे, फाटक आहे, म्हशींचा कळप आहे, हे दुरून दिसले की आधीच पाय हलका करावा. गाडी आपोआप हळू होत जाते. बंडीवाला उतारावर आधीपासून कासरा धरतो, अगदी तसे.

आणखी एक गोष्ट. घरून नुकतेच निघालो, बॅटरी काठोकाठ भरलेली आहे, तेव्हा ही वीज परत घेतली जात नाही, किंवा फार थोडी घेतली जाते. भरलेल्या ढोलीत आणखी धान ओतता येत नाही. अशा वेळी पाय उचलल्यावर गाडी रोजच्यासारखी हळू होत नाही. त्यासाठी ब्रेकवर पाय तयार ठेवावा.

बटण काय करते?

आता मोडच्या बटणाकडे येतो. लोकांचा समज असा की इको बटण दाबले की गाडी आपोआप जास्त चालते. हा समज अर्धाच खरा आहे.

इको बटण बॅटरीत एक थेंबही वीज घालत नाही. ते पायावर कासरा लावते. तुम्ही रेस अर्धी दाबली तर स्पोर्टमध्ये मोटार एकदम उसळते. इकोमध्ये ती हळू उचलते. काही गाड्यांत इको बटण वरचा वेगही रोखते, काहींत एसीचा जोर कमी करते. चेतक स्कूटर आली तेव्हा कंपनीने सांगितलेला पल्ला इकोमध्ये ९५ किलोमीटर होता आणि स्पोर्टमध्ये ८५. म्हणजे बटणाने फरक पडतो, पण तो दहा किलोमीटरचा. आमच्या पहिल्या खेपेत तर दीडपटीहून जास्त फरक होता. तो नुसत्या बटणाचा कसा असेल?

हे आम्ही पडताळून पाहिले. दुसरी खेप जूनमध्ये होती. मृगाचा शिडकावा झालेला. भाच्याने इको दाबले आणि काटा ६० ते ६५ वर ठेवला. नागपूरला पोचायला पहिल्यापेक्षा पंचवीस मिनिटे जास्त लागली. पण खर्च झाली साडेअकरा युनिटे. निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक. ओळखीच्या एका घरी साध्या मोठ्या प्लगवर गाडी लावली. अशा प्लगवर तासाला साधारण अडीच ते तीन युनिटे भरतात. बाईची सलाईन उतरेपर्यंत, म्हणजे पाच तासांत, गाडी पूर्ण भरली. पहिल्या खेपेची साडेसहा युनिटे जास्त गेली होती, ती याच प्लगवर भरायला सव्वादोन-अडीच तास लागले असते. पंचवीस मिनिटे वाचवायला अडीच तास! भाच्याने हा हिशेब दोनदा केला, मग गप्प बसला.

तिसऱ्या खेपेत मी म्हटले, आज स्पोर्ट दाब, पण काटा ६० वरच ठेव. तो म्हणाला, “काहून जी मामा? मग स्पोर्टचा फायदा का?” मी म्हटले, तेच पाहायचे आहे. नागपूरला पोचलो. खर्च बारा युनिटे. इकोच्या मानाने अर्धे युनिट जास्त, बस. पुढे एकदा तो बाईचे कागद आणायला एकटाच गेला. तेव्हा त्याने उलटे केले. बटण इको, पण काटा ९० च्या वर. जायला सोळा युनिटे लागली.

म्हणजे वीज खाणारे बटण नव्हे, पाय. ज्याचा पाय हलका आहे त्याला स्पोर्टमध्येही गाडी पुरते. ज्याचा पाय जड आहे त्याने इको जरूर दाबावे, कारण कासरा त्यालाच हवा असतो. ओव्हरटेक करताना किंवा भरल्या गाडीने चढ चढताना स्पोर्टचा जोर कामाला येतो. तेवढ्यापुरता घ्यावा.

एसटीच्या चालकांना यात नवे काही वाटणार नाही. महामंडळात दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब पूर्वीपासून ठेवतात. तीच गाडी, तोच रस्ता, पण चालक बदलला की आकडा बदलतो. आता एसटीतही विजेच्या गाड्या आल्या आहेत. पहिली ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, धावली. १९४८ साली एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावर त्याच तारखेला धावली होती.

एसी, टायर आणि सावली

एसीचे गणित वेगळे आहे. वारा वेगाप्रमाणे वीज खातो. एसी घड्याळाप्रमाणे खातो. गाडी पळो की उभी राहो, भर उन्हात तासाला एक युनिट किंवा थोडी जास्त त्याला लागतेच. म्हणून फार हळू चालण्यातही नफा नाही. ताशी २५ ने रांगत गेलात तर रस्त्यावर चार तास जातील, आणि चार तास एसी चालेल. शिवाय चौपदरी सडकेवर असे रांगणे धोक्याचे. मागून ट्रक येतात. ५५ ते ६५ ची चाल, डावी बाजू धरून, ही आम्हांला बरी वाटली. थंड देशांत लोकांची हीच अडचण हिवाळ्यात होते. गाडी ऊबदार ठेवायला वीज जाते आणि पल्ला घटतो. आपल्याकडे उन्हाळा तेच करतो.

तरी एक सांगतो. आजारी माणूस गाडीत असेल तर एसीवर काटकसर करू नका. ती काटकसर वेगात करा. आम्ही हे मे महिन्यात उलटे केले होते. वेगात उधळले आणि बाईला उकाड्यात ठेवले. गाडी सावलीत उभी करावी. निघण्याआधी ती प्लगला असतानाच दहा मिनिटे एसी लावून थंड करून घ्यावी. ती वीज घरच्या मीटरमधून जाते, ढोली भरलेलीच राहते.

टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी चिखलातल्या बंडीसारखी ओढावी लागते. पंधरा दिवसांनी हवा तपासावी. टपावर सामान बांधले की हवेचा अडसर वाढतो. बाकी बंडीच्या आखाला वंगण का घालतात हे ज्याला कळते, त्याला यापुढे सांगायला नको.

आणि चार्जिंग करताना मोठा पंधरा अँपिअरचा प्लग, त्याला नीट अर्थिंग, हे पाहिल्याशिवाय गाडी लावू नका. लांबण लावलेली बारीक वायर तापते. आकडा टाकून तर मुळीच नको.

बाईची वही

हलक्या पायाचा एक फायदा मीटरवर दिसत नाही. सलाईन घेतल्यावर बाईला मळमळ होई. पहिल्या खेपेत प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक हिसक्याला ती तोंडाला पदर लावत होती. भाचा वीज परत मिळावी म्हणून पाय एकदम उचलायचा, गाडी धक्का खाऊन हळू व्हायची, आणि बाईचे डोके पुढे जायचे. एकदा ती म्हणाली, “अरे बाबा, मी धानाचं पोतं नाही.” तेव्हापासून तो पाय सावकाश उचलू लागला. दुसऱ्या खेपेत मौद्याजवळ मी मागे वळून पाहिले तर बाई झोपलेली होती.

हिशेबाची वही बाईच लिहिते. चार वर्षांपूर्वी ती आमच्या साक्षरता वर्गात आली, तेव्हा तिला पाटीवर आपले नावही काढता येत नव्हते. आता गाडीत बसली की चष्मा लावते आणि मीटर वाचते. निघताना किती, भंडाऱ्याला किती, नागपूरला किती. तिचा आठ अजूनही तिरका पडतो, पण आकडा चुकत नाही. भाचा काटा ७० वर नेऊ लागला की ती पेन्सिलने त्याच्या खांद्यावर टोचते. हप्ता फेडणाऱ्या सवाऱ्यांच्या खेपांतही आता तो अशीच वही ठेवतो. युनिटाला किती किलोमीटर पडले ते रोज लिहितो.

पाचव्या खेपेत त्या ओळखीच्या घरी कुलूप होते. दवाखान्याजवळ दुसरा प्लग मिळाला नाही. सकाळी २४ युनिटांवर निघालो होतो, नागपूरला १३ उरली होती, तेवढ्यावरच परत निघावे लागले. भंडाऱ्याला आलो तेव्हा बाईने वहीत लिहिले: सहा. तिथून घर ४३ किलोमीटर. आभाळ भरून आले होते. भाचा म्हणाला, “बाई, पाऊस यायच्या आत पोचू. थोडी पळवू का?”

बाईने वहीची मागची पाने उलटली. ६० च्या चालीला युनिटामागे नऊ किलोमीटर, ८० ला साडेसात, १०० ला सहाहून कमी. मग तिने समासात तीन गुणाकार केले आणि भाच्याला उत्तर दिले. ते तीन गुणाकार तुम्हीही करा. काटा कितीवर ठेव असे तिने सांगितले असेल, आणि घरी पोचलो तेव्हा ढोलीत किती युनिटे उरली असतील, ते आपल्या वहीत लिहा.